ईटॅप शिकू की पीएसकॅड? आधी टीसीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) मोटरपर्यंतचे खांब मोज

पत्र: "काका, नमस्कार. मी निपाणी तालुक्यातल्या एका खेड्यातला. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता बेळगावात इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट करायचा आहे, म्हणून आत्तापासून वीजजाळ्याची आणि सर्किटची गणितं करणारं सॉफ्टवेअर शिकायचं म्हणतोय. कोण म्हणतं ईटॅप, कोण म्हणतं पीएसकॅड. एक मित्र एलटीस्पाइसच्या मागे आहे, दुसऱ्याने मॅटलॅबची क्रॅक कॉपी पेनड्राइव्हवर आणून दिलीय. पुण्यातल्या एका क्लासने पंचवीस हजार फी सांगितली. माझा लॅपटॉप जुना, चार जीबी रॅमचा. सर म्हणतात, आयईईई १४ बसवर लोड फ्लो कर, सगळे तेच करतात. घरी मात्र दर उन्हाळ्यात उसाच्या मळ्यातली मोटर जळते आणि रिवायंडिंगला पैसे जातात. वडील म्हणतात, 'एवढं शिकतोयस, तर ही मोटर का जळतीया ते सांग की.' याचा प्रोजेक्ट होईल का? की उगाच वेळ जाईल? – एक विद्यार्थी"

होईल की. आणि खरं सांगू? तुझ्या वडिलांचा प्रश्न सरांच्या प्रश्नापेक्षा चांगला आहे. (सरांना हे असं सांगू नकोस. त्यांना काय सांगायचं ते पुढे येतंय.)

आयईईई १४ बस म्हणजे काय हे कुणी सांगितलंय का तुला? ते १९६२ च्या फेब्रुवारीतल्या अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या वीजजाळ्याच्या एका तुकड्याचं, चौदा बसचं म्हणजे चौदा जोडबिंदूंचं, चित्र आहे. नवा प्रोग्रॅम बरोबर चालतो का, हे तपासायला ते उत्तम, कारण त्याचं उत्तर आधीच सगळ्यांना माहीत आहे. पण जगाला माहीत असलेलं उत्तर पुन्हा काढून वर्षभराचा प्रोजेक्ट म्हणायचा, हे मला कधी पटलं नाही. सरावाला दोन संध्याकाळी दे, रिपोर्टच्या परिशिष्टात टाक आणि पुढे हो.

आता सॉफ्टवेअरचं. तुझ्या मित्रांची भांडणं निकालात काढायला एकच गोष्ट ध्यानात घे: ही सगळी सॉफ्टवेअरं एकमेकांची स्पर्धक नाहीत. प्रत्येकाचा काळ वेगळा आहे. काळ म्हणजे ज्या घटनेकडे तू बघतोयस ती किती वेळात घडते, तो. इन्व्हर्टरमधला एक मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, चालू-बंद होतो तो मायक्रोसेकंदांचा खेळ. तिथे स्पाइस हे सर्किटचं सॉफ्टवेअर. बर्कलीच्या विद्यापीठात लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी १९७३ मध्ये ते बाहेर आणलं, आणि तुझ्या मित्राचं एलटीस्पाइस त्याच घराण्यातलं, फुकट आणि चांगलं. लाइनवर वीज पडली, ब्रेकर उघडला, कपॅसिटर बँक जोडली, अशा वेळी पहिल्या काही मिलिसेकंदांत व्होल्टेज कुठे उसळतं हे बघायचं असेल तर ईएमटीपी किंवा पीएसकॅड. हरमन डॉमेल यांनी १९६९ मध्ये ती रीत मांडली. जनरेटर एकमेकांबरोबर झुलत राहतात की सुटतात, हा सेकंदांचा प्रश्न. त्याला पीएसएस-ई. आणि सगळं स्थिर झाल्यावर कुठे किती व्होल्टेज, किती करंट, किती लॉस, हा लोड फ्लो. ईटॅप, पॉवरवर्ल्ड, मॅटपॉवर, आपल्या बेंगळुरूचं मायपॉवर, सगळी हे करतात, आणि बऱ्याच जणांच्या पोटात तीच न्यूटनची रीत आहे जी टिनी आणि हार्ट यांनी १९६७ मध्ये लोड फ्लोला लावून दाखवली. लाखाचं लायसन्स आणि फुकटचं सॉफ्टवेअर यांच्या उत्तरांत दशांशाचा फरक पडला, तर चूक बहुतेक वेळा तू भरलेल्या आकड्यात असते.

तेव्हा पीएसकॅड की ईटॅप हा प्रश्नच नाही. मोटर जळते ती मायक्रोसेकंदात नाही, तासन्‌तास कमी व्होल्टेजवर चालून जळते. तुला लोड फ्लो हवा, तोही एलटी (कमी दाबाच्या) लाइनचा, जिथे तिन्ही फेज कधीच सारखे नसतात. मॅटपॉवर आणि पॉवरवर्ल्ड तिन्ही फेज सारखे धरून चालतात, ते वरच्या २२० केव्हीच्या, उच्च दाबाच्या जगात ठीक. आपल्या शिवारात निम्मे लोक सिंगल फेजवर काहीतरी ओढत असतात. म्हणून मी तुला ओपनडीएसएस घे म्हणेन. अमेरिकेतल्या ईपीआरआय या वीज-संशोधन संस्थेने ते २००८ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. फुकट आहे, चार जीबी रॅमवर निवांत चालतं, आणि मुळातच वितरणाच्या असमतोल लाइनींसाठी लिहिलेलं आहे. दिसायला गरीब आहे. मूळ आवृत्तीत चित्रं ओढून जोडायची सोय नाही, सगळं मजकुरात लिहावं लागतं. याचा तुला फायदाच होईल, कारण ओळ लिहिताना प्रत्येक आकडा कुठून आला हे स्वतःला विचारावं लागतं.

पण थांब, ते उघडायच्या आधी वही घे. तुझा मळा मी बघितलेला नाही, म्हणून एक कल्पून घेतो. ६३ केव्हीएची टीसी. तिथून ७०० मीटरवर, वीझल जातीच्या बारीक वायरीच्या टोकाला, पाच एचपीच्या सहा मोटरी. एक मोटर भरल्या लोडवर साधारण ८ अँपियर घेते, पॉवर फॅक्टर (करंटमधला खरं काम करणारा वाटा) ०.८ धर. सहांचे झाले ४८. वीझलचा रेझिस्टन्स किलोमीटरला अंदाजे ०.९१ ओहम, रिअ‍ॅक्टन्स ०.३५ धर. ७०० मीटरचे झाले ०.६४ आणि ०.२५. आता फेजचा ड्रॉप, म्हणजे वायरीत वाटेतच पडणारं व्होल्टेज: करंट गुणिले कंसात आर कॉस फाय अधिक एक्स साइन फाय. आर हा रेझिस्टन्स, एक्स हा रिअॅक्टन्स, कॉस फाय म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८, साइन फाय मग ०.६. ४८ ला ०.६५७ ने गुणलं की साडेएकतीस व्होल्ट. लाइन टू लाइन करायला १.७३ ने गुण: ५५ व्होल्ट.

टीसीच्या पायथ्याशी ४३३ व्होल्ट मिळाले असते तर टोकाला ३७८. वाईट, पण मोटर तगेल. मात्र संध्याकाळी टीसीला येणारं ११ केव्हीच मुळात फीडरच्या (सबस्टेशनहून येणाऱ्या लाइनच्या) शेवटी १०.४ वर आलेलं असतं, टीसीच्या आत आणखी दहाएक व्होल्ट जातात, आणि पायथ्याशी उरतात ४००. मग टोकाला ३४५? नाही, त्याहून कमी. कारण पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं. व्होल्टेज पडलं की मोटर करंट वाढवून तेवढंच काम ओढते. वाढलेल्या करंटने ड्रॉप वाढतो, ड्रॉपने व्होल्टेज आणखी पडतं, मोटर आणखी ओढते. हे चक्र वहीत तीन-चार वेळा फिरव, ३३२ व्होल्टच्या आसपास जाऊन थांबतं, आणि ८ अँपियरची मोटर १० अँपियर घेत असते. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. वरून मे महिन्याचं ऊन. वडिलांना द्यायच्या उत्तराचा पहिला भाग हा.

हे वहीत जमलं की मगच ओपनडीएसएस उघड. त्यात तीन खड्डे आहेत आणि भले भले त्यात पडतात.

पहिला: फ्रिक्वेन्सी. ते अमेरिकेतलं, म्हणून न सांगता ६० हर्ट्‌झ धरतं. सर्वांत वरच्या ओळींत ५० लिहायचं, विसरायचं नाही. दुसरा: लांबीचं माप. वायरच्या कोडमध्ये किलोमीटर आणि लाइनमध्ये नुसतं ७०० लिहून माप लिहिलं नाहीस, तर ते मुकाट्याने आकड्याला आकडा गुणतं. सातशे मीटरचे सातशे किलोमीटर होतात आणि ते तक्रारही करत नाही.

तिसरा खड्डा खरा खोल, आणि तुझ्या प्रोजेक्टचा जीव त्यातच आहे. लोडसाठी 'व्हीमिनपीयू' नावाचा एक आकडा असतो. तू काही लिहिलं नाहीस तर तो ०.९५ असतो. अर्थ असा की व्होल्टेज ९५ टक्क्यांच्या खाली गेलं की सॉफ्टवेअर तुझी 'तेवढीच पॉवर ओढणारी' मोटर सोडून देतं आणि तिला साधा हीटर समजायला लागतं. हीटर कमी व्होल्टेजवर कमी करंट घेतो. म्हणजे जे चक्र तू आत्ता वहीत फिरवलंस, मोटर जळायचं खरं कारण, तेच सॉफ्टवेअर गुपचूप पुसून टाकतं. टोकाचं व्होल्टेज बरं दिसतं, करंट कमी दिसतो, आणि तू रिपोर्टात लिहितोस की सगळं ठीक आहे. तसं ठेवण्यामागे कारण आहे: तसं नाही केलं तर गणित कधीकधी जुळतच नाही, नुसतं फिरत बसतं. पण आपल्याकडे ८० टक्के व्होल्टेजवर पंप चालतात, म्हणून तो आकडा ०.७ वर आण आणि मग चालव. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेव. परीक्षकाला हे एक पान दाखवलंस तरी प्रोजेक्ट तुझा आहे हे त्याला कळेल. वहीतलं उत्तर हाताशी नसतं तर हा खड्डा तुला दिसलाच नसता, म्हणून आधी वही म्हटलं.

पुढे 'मग काय करायचं' हा भाग. गावात सगळे म्हणतात, कपॅसिटर लाव. लावून बघ, मॉडेलमध्ये. पॉवर फॅक्टर ०.८ चा ०.९५ केलास तर ४८ चे ४० अँपियर होतात आणि ५५ व्होल्टचा ड्रॉप ४८ वर येतो. वाईट नाही, पण चमत्कारही नाही, कारण बारीक वायरीत रेझिस्टन्सच जास्त आणि कपॅसिटर त्याला काही करू शकत नाही. वीझल काढून जाड रॅबिट वायर ओढली, किलोमीटरला ०.५५ ओहमवाली, तर तोच ड्रॉप ३८. टीसी सरकवून मोटरींच्या निम्म्या अंतरावर आणली तर २७-२८. खर्च कुणाचा, जागा कुणाच्या बांधावर, हे तुझं सॉफ्टवेअर सांगणार नाही. त्याला गावची बैठक लागते.

आणखी एक गोष्ट तपास, माझा संशय तिच्यावरही आहे: ऑटो स्टार्टर. थ्री फेज रात्री येतो, कोण उठणार म्हणून सगळ्यांनी ऑटो बसवलेले असतात. करंट आला की सहाच्या सहा मोटरी एकाच क्षणी उठायला बघतात. सुरू होताना मोटर सहापट करंट घेते आणि त्या क्षणापुरती ती खरोखरच नुसता इम्पीडन्स, म्हणजे करंटला ठरावीक विरोध, असते, म्हणून इथे लोडचं मॉडेल २, म्हणजे स्थिर इम्पीडन्सवालं, वापर. माझ्या कल्पनेतल्या लाइनवर हे गणित मांडलं तर टोकाला ४०० पैकी २४० व्होल्टसुद्धा धड उरत नाहीत. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, राहतो एक तृतीयांश. मोटरी नुसत्या घुमतात, फिरत नाहीत, आणि रोटर अडकलेल्या मोटरचं वायंडिंग मिनिटांत काळं पडतं. तेच एकटी मोटर सुरू झाली तर तिला नव्वद टक्के मिळतात. मग प्रत्येक स्टार्टरला वेगवेगळ्या वेळेचा टायमर लावला तर? पहिली लगेच, दुसरी अर्ध्या मिनिटाने, तिसरी एका मिनिटाने. वायर बदलायला लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. सहा शेतकऱ्यांनी एकमेकांचं ऐकायला मात्र लागतं. त्याचं सॉफ्टवेअर अजून निघालेलं नाही.

आता माहिती कुठून आणायची. याला प्रोजेक्टचा निम्मा वेळ जाणार हे धरूनच चाल. टीसीवरची पाटी वाच: केव्हीए, टक्के इम्पीडन्स, टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची खाच) कितीवर आहे. वायर स्क्विरल, वीझल की रॅबिट, हे लाइनमनला विचार, तो खालून बघून सांगतो. अंतर खांब मोजून काढ, दोन-चार स्पॅन टेपने मोज आणि सरासरी घे. बोर्डावरचा एचपी खरा धरू नकोस. मोटर एकदा रिवाइंड झाली की पाचाची साडेसात झालेली असते, आणि हे मालकाइतकंच रिवायंडिंगवाल्याला ठाऊक असतं, त्याला चहा पाज. फीडरचं सिंगल लाइन डायग्रॅम हेस्कॉमच्या, म्हणजे तिकडच्या वीज कंपनीच्या, सेक्शन ऑफिसात मिळेल. तिथे कॉलेजचं पत्र घेऊन जा, आणि अर्ज कन्नडमध्ये लिहून घेऊन जा. वर्गातला एखादा मित्र दहा मिनिटांत लिहून देईल. त्यात टीसीचा नंबर आणि घरच्या बिलावरचा आर. आर. (ग्राहक) नंबर टाक, म्हणजे क्लार्कला शोधाशोध नको. इथे मराठी-कन्नडचा वाद घालत बसलास तर डायग्रॅम मिळणार नाही, वाद मात्र मिळेल. हुक्केरी तालुक्यात असतास तर तिथली वीज सहकारी संस्थेची, मग अर्जही तिकडे.

मोजमाप: एकाच वेळी तीन ठिकाणी व्होल्टेज. टीसीजवळच्या पहिल्या स्टार्टरवर, मधल्यावर, शेवटच्यावर. तिघांनी फोनवर बोलून एकाच मिनिटाला वाचायचं, तिन्ही फेजचं. करंट टाँग टेस्टरने, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारख्या लावायच्या मीटरने. हे काम गावातल्या वायरमनकडून करून घे, तू वहीत लिही. खांबाला आणि टीसीच्या फ्यूजला हात लावायचा नाही. प्रोजेक्टसाठी नाही, आणि कुणी 'चल रे, काही होत नाही' म्हटलं तरी नाही.

मोजलेलं आणि मॉडेलचं दहा-पंधरा व्होल्टने जुळलं नाही तर घाबरू नकोस. बहुतेक वेळा एखादा जोड सैल असतो किंवा कुठेतरी नोंद नसलेली मोटर असते. ती मॉडेलमुळे सापडली तर मालकाचं नाव रिपोर्टात घालू नकोस, 'अतिरिक्त लोड' म्हण. गावात राहायचंय.

क्रॅक मॅटलॅब काढून टाक. चोरीचं आहे हे झालंच, शिवाय असल्या पेनड्राइव्हमधून काय काय येतं ते तुझ्या कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरना विचार. लोड फ्लोचा अभ्यास म्हणून मॅटपॉवर हवं असेल तर ते मॅटलॅबसारख्याच जीएनयू ऑक्टेव्हवरही चालतं, दोन्ही फुकट. सर्किटचा सराव करायचा असेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम आहे, आत एनजीस्पाइस. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियलमधल्या काही मालिका मराठीत आणि कन्नडमध्येही मिळतात. इंग्रजीतलं मॅन्युअल जड जात असेल तर तिथून हात धर, पण मॅन्युअल सोडू नकोस. त्यातलं इंग्रजी कादंबरीचं नसतं, तीच दोनशे वाक्यं उलटूनपालटून येतात.

क्लासला पंचवीस हजार देऊ नकोस. ईटॅप वाईट आहे म्हणून नाही. कन्सल्टन्सीत शॉर्ट सर्किट आणि रिले कोऑर्डिनेशनला तेच लागतं, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं काम घेणाराही तेच मागेल, आणि मायपॉवर येत असेल तर कर्नाटकात तुझा अर्ज बाजूला पडणार नाही. पण क्लास शिकवतो ती बटणं, आणि बटणं कंपनीत रुजू झाल्यावर महिनाभरात येतात. ज्याने एक खरी लाइन शेवटच्या खांबापर्यंत स्वतः मांडली, मोजली आणि जुळवली त्याला कुठलंही सॉफ्टवेअर परकं वाटत नाही. तरी नावापुरती ओळख हवीच असेल तर पॉवरवर्ल्डची १३ बसपर्यंतची आवृत्ती फुकट आहे, पीएसएस-ईची ५० बसपर्यंतची विद्यार्थी आवृत्तीही आहे. सुट्टीत उघडून बघ. कॉलेजात मायपॉवरचं किंवा ईटॅपचं लायसन्स आहे का तेही विचार. पुष्कळदा असतं, आणि लॅब असिस्टंटच्या कपाटात कुलपात असतं.

सरांकडे जाताना एकच कागद ने: वर लाइनचं हाताने काढलेलं चित्र, खाली वहीतलं ड्रॉपचं गणित, त्याखाली तीन ओळी. काय मोजणार, कशात मॉडेल करणार, कोणते तीन उपाय तपासणार. आणि १४ बस परिशिष्टात करतो म्हणून सांग. कागद बघून सर नाही म्हणतील असं मला वाटत नाही. म्हणालेच, तर १४ बस नावावर कर आणि मळा उन्हाळ्याच्या सुट्टीत कर. तसाही मोजायला तोच मोसम बरा, पावसाळ्यात मोटरी बंदच असतात.